नव्या बिऱ्हाडाचा पहिला उन्हाळा

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे दोन वाजत आले होते आणि मी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होते. तेवढ्यात एक तरुण आपल्या बायकोला दंडाला धरून आत घेऊन आला. बाहेर रस्ता तापून निघालेला, आणि ती मुलगी मात्र अंगाभोवती चादर गुंडाळून कुडकुडत होती.

“ऊन बाधलंय हिला, मॅडम. एक सलाईन लावा, म्हणजे उभी राहील. संध्याकाळी मला पाळीवर जायचंय,” तो म्हणाला.

दोघे जळगाव जिल्ह्यातले. फेब्रुवारीत लग्न झालेले. मार्चमध्ये त्याला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीजवळचे काम मिळाले. जवळच एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर काढलेल्या पाच खोल्यांपैकी एक त्यांनी भाड्याने घेतली. ताप १०२ होता. पाठीवर कमरेच्या वर उजव्या बाजूला नुसता हात ठेवला, तरी ती कळवळली. मी विचारले, “लघवीला जळजळ होते का गं?” तिने उत्तर देण्याऐवजी नवऱ्याकडे पाहिले. मी त्याला लिंबूपाणी आणायला बाहेर पाठवले.

मग ती बोलली. आठ दिवसांपासून आग होत होती. थोडी थोडी, सारखी सारखी लागत होती. दिवसभरात पाणी किती पितेस, असे विचारल्यावर म्हणाली, “दोन फुलपात्री.” तहान लागत नाही का? “लागते ना, ताई. पण संडास-बाथरूम खाली तळमजल्यावर. पाच खोल्यांत मिळून दोनच. खाली पोरं बसलेली असतात. रात्री तर तिथं दिवासुद्धा नसतो. प्यायलं की जावं लागतं, म्हणून पीतच नाही.”

पाळी चुकूनही तीन आठवडे झाले होते. तपासणी केली, तर तिला दिवस गेलेले.

वाचकहो, तिला ऊन बाधले होते हे खरे. पण ते डोक्याला नव्हे, मूत्रपिंडाला बाधले होते. नुसती सलाईन लावून मी तिला घरी पाठवली असती, तर चार तास बरे वाटले असते आणि रात्री ताप पुन्हा चढला असता. गरोदरपणातला हा आजार अंगावर काढला, तर जंतू रक्तात शिरू शकतात आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढतो. तिला मी त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करायला लावले. लघवीची तपासणी झाली, गरोदरपणात चालणारी औषधे शिरेतून दिली गेली, आणि चौथ्या दिवशी ती घरी आली. आता ती ठीक आहे.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे की, निफाड, सिन्नर, चांदवड, येवला, सटाणा आणि पलीकडच्या खान्देशातूनही दरवर्षी कितीतरी नवी जोडपी नाशकात बिऱ्हाड करतात. लग्नसराई उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि संसाराचा पहिला उन्हाळा परक्या गावात. तो कसा काढावा, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

मीही त्यातलीच

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. १९८६ साली लग्न होऊन नाशकात आले, तेव्हा नुकतीच डॉक्टर झाले होते. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात माडीवरची पत्र्याची खोली आम्हाला मिळाली. संडास मागच्या अंगणात, सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून. सकाळी तिथे रांग लागे. आणि नव्या सुनेने डबा घेऊन त्या रांगेत उभे राहायचे, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखे होई.

कोकणात घामाच्या धारा लागतात. इथे अंग कोरडे ठणठणीत. मला वाटले, घाम येत नाही, म्हणजे ऊन आपल्याला मानवले. मी पाणी कमी केले. एप्रिलच्या शेवटी मला नेमके या मुलीसारखेच दुखणे झाले. ज्या वडीलधाऱ्या डॉक्टरांकडे मी उमेदवारी करत होते, त्यांनी मला तपासले आणि म्हणाले, “रोज वीस रुग्णांना भरपूर पाणी प्या म्हणून सांगतेस, आणि स्वतः?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुस्तकात शिकलेले सगळे त्या रांगेपुढे हरले होते. म्हणूनच ती मुलगी नवऱ्याकडे बघून गप्प बसली, तेव्हा मला तिचा राग आला नाही.

नाशकाचे ऊन फसवे का?

त्या तरुणाने मला एक प्रश्न विचारला होता. “मॅडम, आमच्याकडं पारा ४४-४५ पर्यंत जातो. नाशकात कसलं ऊन?” प्रश्न रास्त आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथे पारा चाळिशीच्या आसपास जातो, क्वचित पुढे. मग खान्देशातल्या मुलीला ते का बाधावे?

पहिले कारण घर. गावाकडचे तिचे घर धाब्याचे. मातीचे जाड छत आणि जाड भिंती ऊन सहजी आत येऊ देत नाहीत. इथली खोली गच्चीवर, वर सिमेंटचा स्लॅब. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडत राहतो. बाहेर गार वारा सुटला, तरी आत भट्टीच. दिवसाचा ताप रात्री उतरला, की शरीर सावरते. रात्रही तापलेलीच गेली, तर आदल्या दिवसाचा थकवा दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर चढतो.

दुसरे कारण कोरडी हवा. घाम वाळतो, तेव्हा तो अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर जाते. आपला मातीचा माठ याच युक्तीने पाणी गार करतो. कोरड्या हवेत घाम दिसण्यापूर्वीच वाळतो, त्यामुळे अंग भिजत नाही आणि पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही. तहान लागते, तोवर शरीर थोडे कोरडे पडलेलेच असते.

तिसरे कारण सवय. शरीराला उष्णता मानवायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातले मीठ कमी होते, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. पण ही सवय कायमची नसते. काही आठवडे उन्हात काम केले नाही, तर ती उतरते. शिवाय गावच्या शेतातल्या उन्हाची सवय वेगळी आणि कारखान्यात भट्टीपुढे आठ तास उभे राहणे वेगळे. भट्टीवर नवा माणूस घेतला, की पहिल्या दिवशी त्याला थोडाच वेळ उष्णतेत ठेवावे आणि रोज तो वेळ थोडा थोडा वाढवावा, हा कामगार-आरोग्याचा जगभर मानलेला नियम आहे. नव्या कामगाराने मुकादमाशी तसे बोलायला लाजू नये.

‘उन्हाळी’ म्हणजे नेमके काय?

लघवीला आग होऊ लागली, की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. या एका शब्दात दोन निरनिराळी दुखणी दडलेली आहेत, आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिले दुखणे साधे. पाणी कमी पडले, की लघवी घट्ट, गडद पिवळी होते आणि जाताना चुरचुरते. भरपूर पाणी, ताक, नारळपाणी, धण्याजिऱ्याचे पाणी घेतले, की एका दिवसात हे थांबते.

दुसरे दुखणे जंतूंचे. आपल्या आतड्यात राहणारे जंतू मूत्रमार्गातून वर चढतात. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो, स्त्रीचा अवघा ४ सेंटिमीटर. जंतूंना वाट जवळची. म्हणून जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. लघवीची धार जंतूंना धुऊन बाहेर टाकत असते. पाणी कमी प्यायले आणि आलेली लघवी तासन् तास दाबून धरली, की ही धुलाई बंद पडते.

नव्याने लग्न झालेल्या मुलींना हा त्रास अधिक होतो, त्याला आणखी एक कारण आहे. पतिपत्नीच्या संबंधांच्या वेळी जंतू मूत्रमार्गाकडे ढकलले जातात. यात कोणाचा दोष नाही, कसली लाज नाही आणि हा गुप्तरोगही नव्हे. संबंधानंतर लघवीला जाऊन यावे आणि दोघांनीही स्वच्छता पाळावी. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे नव्हे. एवढ्या साध्या गोष्टी आया मुलींना सांगत नाहीत आणि मुली डॉक्टरला विचारत नाहीत.

जळजळीबरोबर पुढीलपैकी काहीही असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत : थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या, लघवीत रक्त. याचा अर्थ जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले असण्याचा संभव आहे. आणि पाळी चुकली असेल, तर नुसती जळजळ झाली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून दोन दिवस खाणे आणि बरे वाटताच सोडणे, हे तर मुळीच करू नये. अशाने जंतू निर्ढावतात आणि पुढच्या वेळी औषध लागू पडत नाही. दुकानात मिळणारे जळजळीचे गोड औषध आग शमवते, जंतू मारत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

पाणी किती आणि कसे?

“रोज किती पेले प्यावे?” असे मला नेहमी विचारतात. माझे उत्तर असे : पेले मोजू नका, लघवी पाहा. दिवसातून सहा-सात वेळा, फिकट पिवळी लघवी होत असेल, तर पाणी पुरेसे आहे. घरात असणाऱ्याला उन्हाळ्यात साधारण तीन लिटर लागते. भट्टीवर काम करणाऱ्याला याहून कितीतरी जास्त. त्याने तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी एक पेला प्यावे. पाळीवर नुसत्या चहावर राहू नये. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मीठ आपल्या जेवणात पुरेसे असते. खूप घाम गाळणाऱ्याने मीठ घातलेले ताक किंवा लिंबूसरबत घ्यावे. मिठाच्या गोळ्या खाऊ नयेत. जुलाब-उलट्या झाल्या, तर जलसंजीवनीची पुडी वापरावी. ती नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. मीठ अंदाजपंचे टाकू नये, जास्त झाले तर अपाय होतो.

नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी शुद्ध करून मिळते. पण नळापासून तुमच्या पेल्यापर्यंतचा प्रवास तुमच्या हातात असतो. इमारतीची टाकी कधी धुतली, टँकर कुठून आला, हे भाडेकरूला ठाऊक नसते. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात तरी पाणी खळखळ उकळू द्यावे, एक-दोन मिनिटे तसेच ठेवावे, गार करून झाकावे आणि दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचा ‘ई’ हा प्रकार गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेततो. १९५५-५६ साली दिल्लीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि सुमारे २९ हजार लोक आजारी पडले. ती साथ याच प्रकारच्या काविळीची होती, असे पुढे साठवलेल्या नमुन्यांवरून सिद्ध झाले. रसवंतीचा बर्फ, गाड्यावरची चटणी, दुपारपर्यंत डब्यात राहिलेला सकाळचा भात, हेही याच वाटेचे सोबती.

खोली थोडी तरी गार कशी ठेवावी?

घरमालकाची परवानगी घेऊन गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. खर्च थोडा आणि फरक जाणवण्याइतका. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याची योजना आखली. गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचा उपाय पुढे तेथेच मोठ्या प्रमाणावर राबवला गेला.

सकाळी नऊनंतर उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद करून पडदे ओढावेत, संध्याकाळी सगळे उघडावे. खिडकीला ओले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा लावावा. नाशकाच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, पण खिडकी उघडी ठेवली तरच. बंद खोलीत तो नुसती दमट हवा करतो. कूलरची टाकी, पिंप, रांजण आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून, घासून कोरडे करावेत. डेंगीचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हवा फार तापली, तर नुसता पंखा गरम वाराच फेकतो. तेव्हा अंगावर ओले फडके फिरवून पंख्याखाली बसावे. रात्रपाळी करणाऱ्याने दिवसा स्लॅबखाली झोपू नये. खालच्या मजल्यावर, एखाद्या नातेवाइकाकडे, कुठेही गार जागा मिळाली तर चार-पाच तास तिथे झोप काढावी.

उष्माघात : वेळ दवडू नका

पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, या पहिल्या खुणा. सावलीत आडवे व्हावे, कपडे सैल करावेत, घोट घोट पाणी घ्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला आणि अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात. अंग कोरडेच असते असे नाही. मेहनतीच्या कामात आलेल्या उष्माघातात घामाने भिजलेलेही असते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की मेंदूला इजा होऊ लागते.

अशा वेळी आधी गार करा, मग हलवा. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओले गार कपडे ठेवा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. आणि पारा ४५ ला गेल्यावरच हे होते, असेही समजू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. तो भाग विदर्भ-खान्देशाएवढा तापणारा नव्हे.

एक दिवा

ती मुलगी रुग्णालयातून परतली, तेव्हा मी नवऱ्याला एकट्याला बसवून सगळे समजावले. तो खाली मान घालून म्हणाला, “मॅडम, ती मला बोललीच नाही.” मी म्हटले, “तू विचारलं होतंस?” पंधरा दिवसांनी दोघे पुन्हा तपासणीला आले. त्याने घरमालकाशी बोलून संडासाजवळ दिवा लावून घेतला होता, आणि रात्री तो स्वतः तिच्याबरोबर खाली जात होता. भट्टीवरची पाळी असली, की शेजारच्या मावशी सोबत करत. ती आता दिवसाला दोन तांबे पाणी पिते, असे तिने मला हसत सांगितले. १९८६ साली माझ्या यजमानांनीही हेच केले होते. वाड्याच्या मागच्या अंगणात त्यांनी चाळीसचा एक बल्ब लावला. माझ्या दुखण्यावरचा पुढे पुरला तो उपाय एवढाच होता.

मुलीसाठी स्थळ बघताना आपण पगार विचारतो, खोली स्वतःची की भाड्याची ते विचारतो, देणेघेणे विचारतो. संडास कुठे आहे आणि रात्री तिथे दिवा असतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. यंदा तुमची लेक किंवा सून नाशकात पहिला उन्हाळा काढत असेल, तर फोनवर “जेवलीस का?” एवढेच विचारून थांबू नका. “पाणी प्यालीस का, आणि जायची सोय नीट आहे ना?” असेही विचारा. आईने विचारले, तर ती सांगेल. सासूने विचारले, तर तिला धीर येईल. आणि नवऱ्याने आधीच विचारले, तर माझ्या दवाखान्याची पायरी तिला कदाचित चढावीही लागणार नाही.